विवाहप्रसंगीच्या भेटी आणि वधूची मालकी : स्त्रीधनापासून भेटवस्तूंच्या यादीपर्यंत

प्रस्तावना

विवाह हा भारतीय समाजातील जसा एक प्रमुख संस्कार आहे, तसाच तो संपत्तीच्या हस्तांतरणाचाही एक महत्त्वाचा प्रसंग आहे. विवाहाच्या दिवशी वर आणि वधू यांच्यामध्ये, तसेच दोन्ही कुटुंबांमध्ये वस्त्रे, अलंकार, भांडी व रोख रक्कम यांची देवघेव होते. या देवघेवीचा विचार बहुधा दोनच अंगांनी केला जातो. एक तर तिच्याकडे कौतुकाची रूढी म्हणून पाहिले जाते, किंवा हुंड्याची अनिष्ट प्रथा म्हणून तिची निर्भर्त्सना केली जाते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे व तो इतिहासाच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. विवाहप्रसंगी वधूला मिळालेल्या वस्तूंची मालकी कोणाची, आणि ती मालकी सिद्ध कशी करावयाची, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर धर्मशास्त्राने फार पूर्वीच दिलेले आहे. वधूला मिळालेली भेट वधूची, असे स्मृतिकारांनी निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही प्रत्यक्षात ही भेट तिच्या हाती राहतेच असे नाही, आणि संसार मोडण्याची वेळ आली म्हणजे अंगावरील वस्त्रानिशी बाहेर पडणाऱ्या स्त्रीचे दागिने सासरच्या कपाटात राहून जातात. शास्त्रातील मालकी आणि व्यवहारातील ताबा यांमधील हे अंतर का पडले आणि ते भरून काढण्याचे प्रयत्न कसकसे झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. त्यासाठी धर्मशास्त्रीय ग्रंथ, महाराष्ट्रातील विवाहविषयक रूढी, १९४८ नंतरची विधिविषयक चर्चा आणि न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे. मालकीच्या नियमाइतकेच महत्त्व नोंदीच्या साधनाला आहे आणि ती नोंद कोणाच्या हाती होती यावरच वधूच्या हक्काचे भवितव्य अवलंबून राहिले, असे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

वैदिक व गृह्यसूत्रकालीन उल्लेख

विवाहप्रसंगीच्या भेटींचा प्राचीन उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्याविवाहाच्या सूक्तात आढळतो. सूर्येला पतिगृही पाठविताना तिच्यासमवेत 'वहतु' धाडल्याचा निर्देश तेथे आहे. वहतु या शब्दाने वधूची वरात आणि तिच्याबरोबर जाणारी संपदा असे दोन्ही अर्थ सूचित होतात. तैत्तिरीय संहितेत गृहातील 'पारिणाह्य' म्हणजे घरातील भांडीकुंडी व सामग्री यांवर पत्नीची सत्ता सांगितली आहे. पुढे पूर्वमीमांसेत स्त्रीला यज्ञाचा अधिकार आहे की नाही या प्रश्नाची चर्चा करताना स्त्रीला द्रव्य असू शकते काय, हा मुद्दा उपस्थित झाला. तेव्हा स्त्रीच्या द्रव्यस्वामित्वाच्या बाजूने पारिणाह्याचे हेच वचन पुढे करण्यात आले. यावरून गृहसामग्रीवरील सत्तेची कल्पना पुढील काळातील मालकीच्या चर्चेला आधारभूत ठरल्याचे दिसते.

गृह्यसूत्रांत वर आणि वधू यांच्यामधील प्रत्यक्ष देवघेव विधीच्या रूपाने येते. पारस्कर गृह्यसूत्रात वर वधूला वस्त्र परिधान करवितो. वधूपिता वराचे मधुपर्काने पूजन करतो. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार वधूचे विवाहवस्त्र सूर्यासूक्त जाणणाऱ्या ब्राह्मणास द्यावयाचे असते. आज महाराष्ट्रात विवाहाचे प्रमुख चिन्ह मानले जाणारे मंगळसूत्र मात्र या सूत्रग्रंथांत आढळत नाही. त्याचा प्रवेश उत्तरकालीन ग्रंथांतून झाला. वराने वधूला द्यावयाच्या वस्तू काळानुसार बदलत गेल्या, हे यावरून स्पष्ट होते. देण्याचा विधी टिकला आणि दिल्या जाणाऱ्या वस्तू पालटल्या.

स्मृतींतील स्त्रीधनविचार

विवाहातील भेटींचे कायदेशीर वर्गीकरण स्मृतिग्रंथांत प्रथम स्पष्टपणे दिसते. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाग्नीच्या समक्ष दिलेले ते 'अध्यग्नि', माहेराहून सासरी नेताना दिलेले ते 'अध्यावाहनिक', प्रीतीने दिलेले ते 'प्रीतिदत्त', आणि त्याखेरीज बंधू, माता व पिता यांच्याकडून मिळालेले, असे ते सहा प्रकार होत. या वर्गीकरणाचा विशेष असा की, वस्तू कोणती यापेक्षा ती कोणत्या क्षणी व कोणाकडून मिळाली, याला येथे महत्त्व आहे. अग्नीसमक्ष दिलेल्या भेटीला सर्व उपस्थित साक्षी असतात. लेखी पुरावा प्रचलित नसलेल्या समाजात प्रसंग हाच पुरावा होता, असे या वर्गीकरणावरून अनुमान करता येते.

मनुस्मृतीतच पत्नी, पुत्र आणि दास हे धनहीन होत आणि ते जे मिळवितात ते ज्याचे ते असतात त्याचे होय, असेही वचन आहे. या दोन वचनांतील विसंगती टीकाकारांच्या लक्षात आली होती. त्यांनी दुसऱ्या वचनाचा अर्थ मालकीचा अभाव असा न लावता स्वतंत्रपणे विनियोग करण्याच्या अधिकाराचा अभाव असा लावला. मालकी आहे पण विनियोगाचे स्वातंत्र्य नाही, ही तडजोड पुढे शतकानुशतके टिकली, आणि वधूचा ताबा सुटण्याचे बीज याच तडजोडीत आहे.

वराकडून येणाऱ्या द्रव्याविषयीही मनुस्मृतीची भूमिका लक्षणीय आहे. पित्याने कन्येबद्दल शुल्क घेऊ नये, कारण तो कन्याविक्रय ठरतो, असे ती सांगते. मात्र वराने दिलेले द्रव्य आप्तांनी स्वतःसाठी न घेता कन्येलाच दिले तर तो विक्रय नसून कन्येचा सन्मान होय, असेही तिचे म्हणणे आहे. वधूच्या मूल्याचे वधूच्या धनात रूपांतर करण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचप्रमाणे स्त्रीधनावर, म्हणजे तिच्या वाहनांवर व वस्त्रांवर उपजीविका करणाऱ्या आप्तांची अधोगती होते, असा इशाराही तेथे दिला आहे. असा इशारा द्यावा लागला यावरून तो प्रकार समाजात घडत होता, हे उघड आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वृत्ति' आणि 'आबन्ध्य' असे स्त्रीधनाचे दोन भाग केले आहेत. वृत्ति म्हणजे निर्वाहासाठी दिलेले धन. त्याची मर्यादा २००० पणांची आहे. आबन्ध्य म्हणजे अंगावर धारण करावयाचे अलंकारादी. त्याला मर्यादा नाही. याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे म्हटले. अपवाद मोजून सांगितल्यामुळे इतर सर्व प्रसंगी परतफेडीचे बंधन आहे, हे ओघानेच आले.

या विषयाचा सर्वांत सूक्ष्म विचार कात्यायनाने केला. त्याची स्मृती समग्र उपलब्ध नाही. निबंधग्रंथांत विखुरलेली त्याची वचने एकत्र करून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. कात्यायनाने स्त्रीधनाच्या प्रत्येक प्रकाराची व्याख्या दिली. सासू-सासऱ्यांनी प्रीतीने दिलेली आणि वधूने पाया पडताना मिळालेली भेट त्याने स्वतंत्रपणे नोंदविली आहे. महाराष्ट्रातील सूनमुखाच्या प्रसंगी सासूने सुनेस अलंकार देण्याच्या प्रथेशी या भेटीचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे. माहेरच्या आप्तांकडून मिळालेल्या 'सौदायिक' धनावर स्त्रीचे पूर्ण स्वातंत्र्य असून ती त्याची विक्री वा दान इच्छेनुसार करू शकते, असे तो सांगतो. त्याहीपुढे जाऊन, पती, पुत्र, पिता किंवा बंधू यांपैकी कोणालाही स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाही; कोणी ते बळाने उपभोगले तर त्यास व्याजासह परत करावयास लावावे व दंडही करावा, अशी त्याची व्यवस्था आहे. संमतीने घेतले असल्यास ऐपत येताच मुद्दल परत द्यावे, असे तो म्हणतो.

'यौतक' ही संज्ञाही येथे विचारात घेणे आवश्यक आहे. युत म्हणजे जोडलेले, यावरून हा शब्द आला असून विवाहसमयी वधूवर एका आसनावर बसलेले असताना त्यांना मिळालेले धन असा त्याचा अर्थ निबंधकारांनी दिला आहे. दोघे एकत्र बसलेले असताना मिळालेल्या या धनाचा वारसा मनूने मातेकडून कुमारी कन्येकडे नेला आहे. एकत्र मिळालेली भेटही अखेर स्त्रीच्या वंशपरंपरेत जाते, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आईचे दागिने मुलीला, ही आजही मराठी घरांत ऐकू येणारी समजूत या विचाराशी सुसंगत आहे.

मिताक्षरा, व्यवहारमयूख आणि महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या दृष्टीने दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे ठरतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. याज्ञवल्क्याच्या वचनातील 'आद्य' या पदाचा आधार घेऊन त्याने वारसा, खरेदी, वाटणी इत्यादी मार्गांनी स्त्रीला मिळालेले सर्व धन स्त्रीधनात अंतर्भूत केले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशी येथे नीलकंठ भट्टाने 'व्यवहारमयूख' रचला. त्याचे घराणे मूळचे पैठणचे. नीलकंठाने स्मृतींत नावानिशी सांगितलेले पारिभाषिक स्त्रीधन आणि अन्य मार्गांनी मिळालेले धन यांत भेद केला. पारिभाषिक स्त्रीधनाच्या वारशात कन्येला अग्रक्रम दिला.

१८२७ च्या मुंबई रेग्युलेशननंतर इंग्रजी न्यायालयांनी देशरूढी व पक्षकाराचा धर्म यांस अनुसरून निवाडे करण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी हॅरी बोराडेल यांचे व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर आणि आर्थर स्टील यांचा दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्यांचा व रूढींचा संग्रह प्रसिद्ध झाला. परिणामी मुंबई इलाख्यात मिताक्षरा व मयूख हे प्रमाणग्रंथ बनले. न्यायालयांत स्त्रीधनाची चर्चा प्रामुख्याने वारशाच्या अनुषंगाने झाली. स्त्रीच्या मृत्यूनंतर तिचे धन कोणाचे, हा प्रश्न वारंवार विचारला गेला. ती जिवंत असताना तिचे धन तिच्या हाती कसे यावे, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

देज, हुंडा आणि याद

शास्त्रग्रंथांच्या बाहेर प्रत्यक्ष समाजात भेटींचे व्यवहार अनेक प्रकारचे होते. महाराष्ट्रातील अनेक जातींत वरपक्षाने वधूपक्षास 'देज' देण्याची चाल होती. ब्राह्मणांतही कन्येबद्दल द्रव्य घेण्याचा प्रकार चालत असे, आणि त्यास प्रतिबंध करणाऱ्या आज्ञा पेशवाईच्या उत्तरकाळात निघाल्या होत्या. गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले 'संगीत शारदा' हे नाटक याच कन्याविक्रयाच्या प्रश्नावर आधारलेले आहे. दुसरीकडे, दक्षिणेवाचून दान अपूर्ण राहते या कल्पनेतून कन्यादानासमवेत वराला द्यावयाची 'वरदक्षिणा' रूढ होती. अल्पशा सुवर्णाची ही दक्षिणा पुढे ठरावीक रकमेत बदलली व हुंडा हे नाव पावली. इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदू स्त्रीविषयक ग्रंथात हुंड्याचे उग्र रूप ही अलीकडची घटना असल्याचे मत मांडले आहे.

मराठी विवाहपद्धतीत या देवघेवीची लेखी नोंद करण्याची स्वतंत्र परंपरा आहे. विवाह ठरताना दोन्हीकडील वडीलधारी मंडळी एकत्र बसून 'याद' करतात. हुंडा किती, वराचा पोशाख व करणी कोणी करावयाची, वधूच्या अंगावर कोणी किती सोने घालावयाचे, मानपान कोणाकोणाचा, लग्नाचा खर्च कोणाकडे, इत्यादी बाबी तीत लिहिल्या जातात. याद होताच लगेच लग्न उरकण्याच्या प्रकाराला 'यादी पे शादी' हा शब्दप्रयोग रूढ झाला, यावरून या दस्तऐवजाचे स्थान लक्षात येते. विवाहाच्या दिवशी दुसरी नोंद होते ती आहेराची. मंडपात एक जाणता नातेवाईक वही घेऊन बसतो आणि कोणी कोणते वस्त्र, भांडे वा किती रक्कम दिली, हे लिहून घेतो. त्या घरच्या कार्यात तेवढा आहेर परत करता यावा, हा या नोंदीचा उद्देश असतो.

या दोन्ही नोंदी काळजीपूर्वक पाहिल्या असता एक गोष्ट नजरेत भरते. याद ही दोन कुटुंबांमधील करारासारखी असते. तिच्यावर सही वा संमती असते ती वडीलधाऱ्या पुरुषांची. वधू ही तिचा विषय असते, पक्षकार नसते. आहेराची वही ही दोन घरांमधील परतफेडीचा हिशेब असते. वधूच्या अंगावर घातलेली पुतळ्यांची माळ, पाटल्या वा ठुशी वधूच्या मालकीची झाली, असे यांपैकी कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. 'सालंकृत कन्यादान' या शब्दयोजनेत तर अलंकार हे कन्येबरोबर जाणाऱ्या दानाचाच भाग ठरतात. सासरी गेल्यावर हे अलंकार सुरक्षिततेसाठी सासूच्या वा पतीच्या स्वाधीन केले जातात. अडीअडचणीला ते गहाण पडतात, नणंदेच्या लग्नात मोडले जातात. यांत नेहमीच दुष्ट हेतू असतो असे नव्हे. एकत्र कुटुंबात वस्तूचा ताबा सामुदायिक असणे स्वाभाविक मानले जाई. परंतु कात्यायनाने सांगितलेली व्याजासह परतफेड मागण्यास आवश्यक तो पुरावा अशा व्यवस्थेत उरत नसे.

सत्यशोधक पर्याय

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेलाच पर्याय देण्याचा प्रयत्न महात्मा जोतीराव फुले यांनी केला. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात त्यांनी विवाहविधी दिला. त्यातील मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडे मागणी करते आणि वर ते देण्याची प्रतिज्ञा करतो. वधूवरांमधील देवघेवीत वस्तूंच्या जागी वचनाची स्थापना येथे झालेली आहे. शिवाय हे वचन वधूवर स्वतः एकमेकांना देतात. त्यांच्या वतीने वडीलधारे बोलत नाहीत. वधूला पक्षकार मानण्याच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या इतिहासातील हे महत्त्वाचे पाऊल होय. तथापि संपत्तीच्या नोंदीचा प्रश्न या विधीच्या कक्षेबाहेर राहिला.

हिंदू कोड बिल ते १९६१ चा अधिनियम

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न विधिमंडळात आला. ९ एप्रिल १९४८ रोजी हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे सोपविण्याचा प्रस्ताव मांडताना कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हुंड्याविषयीच्या तरतुदीचा खास उल्लेख केला. हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता ही विश्वस्त मालमत्ता मानली जावी, तिचा लाभ त्या स्त्रीला मिळावा, वयाच्या १८ व्या वर्षी ती तिला मागता यावी आणि पती वा त्याच्या नातेवाइकांचा तीत कोणताही हितसंबंध नसावा, असे तिचे स्वरूप होते. या तरतुदीचे वैशिष्ट्य असे की, तीत ताबा दुसऱ्याकडे असू शकतो हे वास्तव गृहीत धरलेले आहे. ताबा असणाऱ्याला मालक न मानता विश्वस्त मानावे, ही कल्पना मालकी व ताबा यांतील अंतर सांधणारी होती.

हिंदू कोड बिल एकसंध स्वरूपात मंजूर झाले नाही, डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तथापि त्याचे भाग स्वतंत्र अधिनियमांच्या रूपाने आले. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २७ नुसार विवाहाच्या वेळी वा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि पतिपत्नी दोघांच्या समाईक मालकीच्या असलेल्या मालमत्तेविषयी न्यायालयाला आदेश देता येतो. प्राचीन यौतकाची या कलमाशी तुलना करता येईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने विवाहापूर्वी, विवाहप्रसंगी वा विवाहानंतर मिळालेल्या भेटी आणि पूर्वीचे स्त्रीधन यांसह स्त्रीच्या मालमत्तेवर तिची संपूर्ण मालकी मान्य केली. मालकी आहे पण विनियोगाचे स्वातंत्र्य नाही, ही जुनी तडजोड येथे कायद्यापुरती संपुष्टात आली.

हुंडा प्रतिबंधक विधेयकावर संसदेच्या दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्याने मे १९६१ मध्ये संयुक्त बैठक घ्यावी लागली. भारतीय संसदेच्या इतिहासातील ती पहिली संयुक्त बैठक होय. १ जुलै १९६१ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाच्या कलम ६ मध्ये, हुंडा स्त्रीखेरीज अन्य कोणी स्वीकारला असेल तर त्याने तो विहित मुदतीत तिच्या स्वाधीन करावा आणि तोवर तिच्या हितासाठी विश्वस्त म्हणून धारण करावा, अशी तरतूद आहे. १९४८ च्या विश्वस्ततेच्या तत्त्वाचा येथे पुनर्जन्म झालेला दिसतो. मात्र विवाहाचा मोबदला म्हणून न दिलेल्या भेटी हुंडा ठरणार नाहीत, असे स्पष्टीकरणही मूळ अधिनियमात होते. भेट आणि हुंडा यांतील सीमारेषा देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहिल्याने अधिनियम निष्प्रभ ठरला. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ च्या अहवालात या अपयशाची नोंद घेतली.

१९८५ : निर्णय आणि नियम

१९८० च्या दशकाच्या आरंभी हुंड्यापायी होणाऱ्या छळाच्या व मृत्यूच्या घटनांविरुद्ध देशभर आणि महाराष्ट्रातही स्त्री-संघटनांनी आवाज उठविला. या पार्श्वभूमीवर १९८५ या एकाच वर्षात दोन महत्त्वाच्या घटना घडल्या.

पहिली घटना सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधील निर्णयाची. त्यापूर्वी १९८२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असे मत दिले होते की, पत्नीने वैवाहिक घरात आणलेल्या वस्तू सामान्यतः दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात. म्हणून पतीविरुद्ध विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा संभवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे मत अमान्य केले. स्त्रीधन ही पत्नीची निरपवाद मालमत्ता आहे, ते सासरी ठेवल्याने त्याचे संयुक्त मालमत्तेत रूपांतर होत नाही, आणि तिने ते पतीकडे सोपविले असता परत न देणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. १९९७ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने याच भूमिकेस दुजोरा दिला. एप्रिल २०२४ मधील एका निर्णयातही स्त्रीधन ही पतिपत्नींची संयुक्त मालमत्ता नाही, पतीने संकटकाळी ते वापरले तरी ते वा त्याचे मूल्य परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कात्यायन व याज्ञवल्क्य यांच्या वचनांशी या निर्णयाचे नाते सहज लक्षात येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून विश्वासघाताचा गुन्हा आता तिच्या कलम ३१६ खाली येतो.

दुसरी घटना २ ऑक्टोबर १९८५ ची. त्या दिवसापासून हुंडा प्रतिबंधक अधिनियमातील सुधारणा आणि वधूवरांना मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवण्याविषयीचे नियम अंमलात आले. मागणी न करता दिलेल्या भेटींना दंडातून सूट मिळण्यासाठी त्या यादीत नोंदविलेल्या असणे ही अट घालण्यात आली. वधूपक्षाकडून आलेल्या भेटी रूढीनुसार असाव्यात व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात, असेही बंधन आहे. नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवावयाची असते. ती विवाहाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर तयार करावी लागते. भेटीचे संक्षिप्त वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते या बाबी लेखी नोंदवून दोन्ही याद्यांवर वधू व वर या दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. सही करता येत नसल्यास यादी वाचून दाखवून अंगठा घ्यावा, असेही नियमांत नमूद आहे.

मराठी विवाहातील याद आणि आहेराची वही यांच्या तुलनेत या यादीचे वेगळेपण स्पष्ट होते. यादीत व्यवहार ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांची संमती होती, आहेराच्या वहीत परतफेड करणाऱ्या घराचा हिशेब होता. या तिसऱ्या यादीत मात्र वधू स्वतः लेखनकर्ती आहे आणि वराची सही ही तिच्या मालकीची कबुली आहे. अग्नीच्या साक्षीने दिलेल्या अध्यग्नि धनाला येथे प्रथमच वधूच्या हातची लेखी साक्ष मिळाली.

अन्य परंपरांशी तुलना

नोंदीचे महत्त्व अन्य परंपरांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होते. मुस्लिम विवाहातील मेहेर हे वराने वधूला देण्याचे बंधन असून निकाहनाम्यात त्याची रक्कम साक्षीदारांसह नोंदली जाते. १९६१ च्या अधिनियमाने मेहेर हुंड्याच्या व्याख्येतून वगळला आहे. १९८६ च्या मुस्लिम स्त्रीविषयक अधिनियमाच्या कलम ३ मध्ये, घटस्फोटित स्त्रीला मेहेराबरोबरच विवाहापूर्वी, विवाहप्रसंगी व नंतर मिळालेल्या भेटी परत मिळण्याचा हक्क दिला आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नीची मालमत्तेत समाईक मालकी मानली जाते, आणि विवाहाची नागरी नोंद आवश्यक असते. या दोन्ही परंपरांत विवाहाच्या आरंभीच संपत्तीविषयक लेख सिद्ध होतो. व्यवहारात त्यांतही उणिवा आहेत. मेहेर नोंदला जाऊनही अनेकदा दिला जात नाही. तरी मागणी करणाऱ्या स्त्रीच्या हाती किमान एक कागद असतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, विवाहप्रसंगीच्या भेटींवरील वधूची मालकी ही आधुनिक कायद्याची नवनिर्मिती नाही. स्मृतिकारांनी, विशेषतः कात्यायनाने, ती परतफेड आणि दंड यांसह मान्य केलेली होती. दुसरा, ही मालकी निष्प्रभ होण्याचे कारण नियमाच्या अभावापेक्षा ताबा व पुरावा यांच्या अभावात अधिक आहे. तिसरा, महाराष्ट्रात देवघेवीची लेखी नोंद करण्याची परंपरा दृढ असूनही ती वडीलधाऱ्यांच्या हाती राहिल्याने वधूला उपयोगी पडली नाही. चौथा, १९४८ च्या विधेयकातील विश्वस्ततेचे तत्त्व, १९६१ चे कलम ६ आणि १९८५ चा न्यायालयीन निर्णय यांत एक सलग विचारसूत्र आहे.

१९८५ च्या नियमांची उणीवही नमूद करणे आवश्यक आहे. यादी न ठेवल्याबद्दल या नियमांत स्वतंत्र शिक्षा नाही, आणि मंगल प्रसंगी अशी यादी करणे म्हणजे नव्या नात्याविषयी अविश्वास दाखविणे होय, अशी समजूत समाजात आहे. ज्या समाजात लग्नापूर्वी मानपानाची याद बारकाईने लिहिली जाते आणि मंडपात आहेराची वही उघडपणे ठेवली जाते, त्या समाजात वधूच्या दागिन्यांची यादी तेवढी अमंगळ वाटावी, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. वधूवर ज्या दिवशी परस्परांना हार घालतात, त्याच दिवशी दोघांनी मिळून एका कागदावर सही करणे हा अविश्वास ठरत नाही. अग्नीच्या साक्षीने दिलेले वधूचेच राहील, या जुन्या वचनाची ती लेखी पूर्तता होय.